लेमचा श्वास आणि वॉर्डेलचा ढोल

वॉर्डेल बोगननं आयुष्यभर एकाच माणसाची पाठ बघितली. काही माणसं जन्मभर एकाच देवाकडे बघतात, काही एकाच बाईकडे, आणि आमच्या पीच क्रीकमधली बरीचशी एकाच बाटलीकडे. वॉर्डेलच्या वाट्याला लेम्युअल टकरची पाठ आली, आणि त्यानं ती तक्रार न करता बघितली.

दोघं मावसभाऊ. लेम उंच, काटकुळा. वॉर्डेल बुटका आणि रुंद, गळ्यात मोठा ढोल अडकवला की ढोलालाच पाय फुटल्यासारखा दिसायचा. लेम पावा वाजवायचा. ओढ्याकाठचा वेळू कापून, तापल्या सळईनं भोकं पाडून केलेला, ओठांवर आडवा धरायचा पावा. दर उन्हाळ्यात गावजेवणाची पिकनिक व्हायची, तिथे तो वाजवत पुढे चालायचा, मागे वॉर्डेलचा ढोल, आणि त्यामागे लाल धुळीतून नाचत बायाबापड्या, पोरंसोरं, कुत्री. मी त्या मिरवणुकीत कधीच नव्हतो. पिकनिकची शेळी मी भाजतो. आधी माझे वडील भाजायचे, आणि ते गेल्यावर तो खड्डा, ती जाळी आणि डोळ्यांत जाणारा धूर एवढी इस्टेट माझ्याकडे आली. पण त्या खड्ड्यापाशी उभं राहिलं की दोघं समोरून दिसत. आधी लेमचा चेहरा, आणि त्याच्या दंडाआडून वर बघणारा वॉर्डेलचा अर्धा.

मागे चालायची सवय वॉर्डेलच्या हाडात मुरली होती. त्याच्या लग्नाचंच बघा. करवला म्हणून लेम चर्चमध्ये पुढे निघाला, आणि नवरदेव सवयीनं त्याच्या मागे. लेम पाद्रीबुवांपुढे थांबला, वॉर्डेल लेमच्या मागे थांबला. पाद्रीबुवा परगावचे. त्यांनी लेमकडे बघून विचारलं, "या लोरेनचा तू पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?"

लेम म्हणाला, "माझी ना नाही. पण ओपलला विचारावं लागेल."

ओपल म्हणजे लेमची बायको. ती पहिल्याच बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मला कसली हरकत. स्वयंपाक तरी वाटून होईल."

लोरेन पुढे सगळ्यांना सांगायची, "लग्न मी वॉर्डेलशी केलं. पण माझा नवरा मला दिसतो तो कायम लेमच्या मागून." ती बिचारी लवकर गेली. तिला मातीत ठेवायला निघालो तेव्हाही लेम पुढे होता आणि हा मागे. एका अर्थी बरंच झालं. त्या दिवशी वॉर्डेलला बघायला काहीतरी होतं.

आता लेमच्या श्वासाचं सांगतो. लेम तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मजुरी मिळायची ती घरी जायची आणि कापूस छातीत राहायचा. पुढे छातीत एवढा कापूस जमला की पाव्याचा फेरा पुरा होईस्तोवर त्याचा दम संपायचा. मग तो पावा ओठांवरून काढायचा, खांदे वर ओढायचा, आणि भोक पडलेल्या भात्यासारखा एक शिट्टीवजा आवाज छातीतून यायचा. तोवर सगळं थांबलेलं. हा थांबा किती वेळ, ते कुणालाच सांगता येत नसे. हवा दमट असली तर जास्त, माझा धूर त्याच्या बाजूला वळला तर त्याहून जास्त. वॉर्डेल त्याच्या डाव्या खांद्याचं हाड बघत उभा राहायचा. ते हाड खाली बसलं की धम्मकन ढोल. ढोल पडला की पावा.

म्हणजे गाव ढोलासाठी थांबायचं आणि ढोल त्या हाडासाठी.

दुसऱ्या गावानं लेमला बिचारा म्हटलं असतं. आमच्या गावानं त्याच्या दम्यावर नाचायला सुरुवात केली. लेम थांबला की बाया झग्याचं टोक हातात धरून तशाच उभ्या. पोरं एका पायावर. कोण आधी पडतो याच्यावर पैज. नंतर जन्मलेल्या पोरांना तर वाटायचं, गाणं असंच असतं, मधे मधे बंद पडणारं, आमच्या गाड्यांसारखं. मग ते चर्चमध्येही शिरलं. भजनाच्या दर कडव्यानंतर अख्खा गायकवृंद जागच्या जागी थांबायला लागला. नव्या पाद्रीबाईंना वाटलं, गाव फार भाविक आहे, दर कडव्याला मनन करतं.

लेमचा नातू रॉड्रिक यातच वाढला. आजोबांनी घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांमधे केरसुणी बांधायची तार ताणून दिली होती, तिच्यावर बाटली घासून तो पहिलं वाजवायला शिकला. मोठेपणी विजेची गिटार घेतली, बँड काढला आणि नाव ठेवलं 'पीच क्रीक पिकनिक'. वर त्याची कर्कश, रडवी, गोड गिटार, खाली आमचा जुना पावा आणि ढोल, आणि मधे हल्लीच्या पोरांना लागतात तसले ठोके देणारं एक यंत्र. मक्याची भाकरी आमचीच, वर त्यानं त्याला हवं ते वाढलं होतं. आणि खरं सांगतो, चांगलं लागत होतं. मेम्फिसच्या पोरापोरींनी ते ऐकून उड्या मारलेल्या मी बघितल्या आहेत.

ते यंत्र पहिल्यांदा पडवीत आलं तेव्हा लेमनं त्याला चारी बाजूंनी निरखलं.

"हे काय करतं?"

"ठोके देतं, आजोबा."

"चुकतं का कधी?"

"कधीच नाही."

"मग त्याच्याशी बोलायचं काय?" लेम म्हणाला. वॉर्डेल मागून म्हणाला, "जेवतं का?" रॉड्रिक नाही म्हणाला. "तेवढं बरं," वॉर्डेल म्हणाला.

यंत्राला थांबणं माहीत नव्हतं. पण रॉड्रिकनं तोड काढली. यंत्राच्या खटक्यावर त्याचा पाय असायचा आणि नजर वॉर्डेलवर. वॉर्डेलची नजर लेमच्या हाडावर. लेम थांबला की यंत्रही गप्प. मोठमोठ्या गावांत हजारो रुबाबदार माणसं लेमच्या छातीतल्या कापसासाठी खोळंबून उभी राहायची, आणि त्यांना वाटायचं ही काहीतरी नवी तऱ्हा आहे.

मग रेकॉर्ड करायची ठरली. मेम्फिसला जायच्या आठवड्यातच वॉर्डेलची कंबर धरली. रॉड्रिक म्हणाला, "काही बिघडत नाही. आजोबांचा पावा आत्ता घेऊ, अंकल वॉर्डेल, तुमचा ढोल नंतर. हल्ली असंच करतात." लेमला एकट्याला काचेच्या खोलीत उभं करून पावा घेतला. परत आल्यावर तो वॉर्डेलच्या खाटेपाशी बसला.

"कसं झालं?"

"झालं. पण मागे फार शांत होतं रे. सारखी मान वळवून बघत होतो. कर्ज फेडलेल्या माणसाला वाटत असेल तसं. कुणी पाठीशीच नाही."

"पुढच्या वेळी येतो."

"ये. ती काच फार स्वच्छ आहे. एकट्यानं बघवत नाही तिच्यात."

पुढची वेळ आली नाही. जानेवारीत, थंडीत, न्याहारी करता करता लेम गेला. ओपलनं मला सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगतो. "मी कॉफी ओतत होते. तो थांबला. म्हणून मीही थांबले, किटली तशीच हातात. त्यात काय, लेम थांबला की सगळेच थांबतात. मी वाट बघत उभी राहिले, क्लीव. किटली जड झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं."

अंत्ययात्रेला वॉर्डेल ढोल अडकवून शवपेटीमागे चालला. टेकडीवरच्या कबरीपर्यंत. टिपरू हातात, हात वर. एकदाही वाजवला नाही. उतरताना मी विचारलं, तर म्हणाला, "पुढून खूण नाही आली."

वसंतात रॉड्रिक पाव्याचं रेकॉर्डिंग घेऊन आला. ओपलच्या पडवीत आम्ही चौघं. त्यानं मोठ्या प्रेमानं ते लावलं, आणि लेमचा पावा वाजायला लागला. स्वच्छ, सरळ, अंगणभर. ओपलनं डोळ्यांना पदरासारखा ॲप्रन लावला. फेरा संपत आला. आम्ही सगळ्यांनी, कुणी न सांगता, श्वास धरला.

पावा थांबलाच नाही. तो तसाच पुढच्या फेऱ्यात शिरला, त्यातून त्याच्या पुढच्या.

वॉर्डेल बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "हा कोण आहे?"

"आजोबा," रॉड्रिक म्हणाला.

"लेम नाही हा. लेम उभ्या जन्मात कधी वेळेवर पोचला नाही."

रॉड्रिकच्या तेव्हा ध्यानात आलं. तो हळू हळू बोलायला लागला. यंत्राचे ठोके पाव्याखाली बरोबर बसावेत म्हणून त्यानं पावा संगणकावर सरळ केला होता. मधले थांबे कापले, धापेचे आवाज पुसले, सगळं आखीव केलं. "मला वाटलं, आजोबा तरुण वाटतील."

"आणि मूळचं?"

"त्याच्यावरच केलं. जागा करायला जुनं पुसून टाकलं." त्यानं पावा बंद केला. "तेव्हा ते होते ना, अंकल. वाटलं, लागलं तर परत वाजवतील."

पोरगं चांगलं. आजोबांच्या कपड्यांना त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता, टोपीसुद्धा खुंटीवर तशीच होती. आणि त्यानंच आजोबांचा श्वास पुसला होता, मायेनं, म्हाताऱ्याच्या सदऱ्यावरचा डाग पुसावा तसा.

शेवटी ओपल म्हणाली, "ती घरघर बंद कर म्हणून मी जन्मभर त्याच्या बरगडीत कोपर मारलं. मला नाही जमलं. तुला जमलं बाबा." आणि रडत असलेल्या नातवाच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला. "खाऊन घे काहीतरी. वाळलास."

रॉड्रिक वॉर्डेलला म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे ना अंकल, ते कुठे किती थांबायचे? तुम्ही ढोल वाजवा. मी त्याप्रमाणे परत कापतो."

"मला काय माहीत?" वॉर्डेल म्हणाला. "माझ्याजवळ कधी नव्हतंच ते. मी बघून वाजवायचो."

त्या दिवसापासून वॉर्डेलला एकच घोर लागला. लेमचा थांबा आता जगात कुठेच नव्हता. राहिला असलाच तर त्याच्याजवळ, आणि आपल्याजवळ तो आहे की नाही ते त्यालाच ठाऊक नव्हतं. एकदा मी शेळ्या बघायला त्याच्या कुंपणावरून चाललो होतो, तर हा शेतात ढोल अडकवून एका खांबापुढे उभा.

"काय चाललंय?"

"उंची बरोबर आहे याची," वॉर्डेल म्हणाला. "लेमएवढीच."

"मग?"

"श्वास घेत नाही." तो खांबाकडे बघत राहिला. "कधी वाजवू ते सांगत नाही, क्लीव. मी वाजवतो ते माझं होतं. माझं काय करायचंय."

मी म्हणालो, "मी उभा राहू पुढे?" त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या पाठीत हाड दिसेपर्यंत मी जगणार नाही." तेवढं हसलो दोघं. मग मी निघालो, आणि मागे वळून बघितलं तर तो परत खांबाकडे.

उन्हाळा सरता सरता पिकनिक आली. लेमशिवायची पहिली. पिकनिक नको म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण शेळी कापून झाली होती. रॉड्रिकनं कर्ण्यांवर आजोबांचा तोच पावा लावायचा आणि बँडनं त्याच्याबरोबर वाजवायचं असं ठरलं. पावा वाजवणारं दुसरं कुणी गावात नव्हतंच. वॉर्डेल नको म्हणत होता, पण ओपल म्हणाली, "नुसता ढोल अडकवून उभा राहा. मागे कुणी नाही असं त्याला परत वाटायला नको." म्हणून तो गर्दीच्या मागे, माझ्या खड्ड्याशेजारी, ढोल घेऊन उभा राहिला.

पावा सुरू झाला. लोक नाचायला लागले. चार वाजायचा सुमार, ऊन तिरपं, धूळ लाल. फेरा संपला, आणि सगळं पीच क्रीक थांबलं.

पावा थांबला नाही. गिटार थांबली नाही. मेम्फिसहून आलेली पाहुणे मंडळी नाचत राहिली ती थांबलेल्या आमच्या लोकांवर जाऊन आदळली. एकाच्या हातातलं सँडविच दुसऱ्याच्या कॉलरमध्ये गेलं. पोरं खिदळली. मग खिदळणं विरलं, कारण आमच्यातलं कुणी हललं नव्हतं. बायांच्या हातांत झग्यांची टोकं तशीच. पोरांचा एक पाय वर तसाच. पावा वर एकटाच धावत होता, घर मागे पडल्याचं न कळलेल्या घोड्यासारखा. आणि खाली सगळ्यांच्या माना हळूहळू मागे वळल्या, वॉर्डेलकडे. जायचं कधी ते त्यांना तोच सांगणार होता. नेहमी तोच सांगत आला होता.

मी त्याच्या शेजारीच होतो. तो लोकांकडे बघत नव्हता. त्याची हनुवटी वर, नजर समोरच्या रिकाम्या हवेत, उंच माणसाच्या खांद्याएवढी. माझा धूर त्या बाजूला वळला. वॉर्डेल आणखी थोडा थांबला. धुराला लेम जास्त थांबायचा.

मग टिपरू पडलं. धम्मकन. आणि सगळ्या गावानं उचललेला पाय खाली ठेवला.

वॉर्डेलनं आपल्या हाताकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. रॉड्रिकनं गिटार खाली ठेवून कर्णे बंद केले. ओपलनं मला सांगितलं, "सॉस वाढ रे, लोक खोळंबलेत."

दुसऱ्या आठवड्यात वॉर्डेल आपला ढोल रेकॉर्ड करून घ्यायला मेम्फिसला निघाला. गाडी माझी. पुढच्या सीटवर बस म्हटलं तर बसला नाही, मागेच बसला. वाटेत एकदाच बोलला, "लवकर केलेलं बरं. राहील किती दिवस सांगता येत नाही."

काचेच्या खोलीत रॉड्रिकनं त्याला ढोल अडकवून दिला. "अंकल, कानात यंत्राचा ठोका देऊ?"

"नको."

"मग आजोबांचा पावा?"

"तोही नको. तो घाईत असतो हल्ली." मग म्हणाला, "फक्त एक कर पोरा. माझं सरळ करू नकोस."

रॉड्रिकनं मान डोलावली.

वॉर्डेल वाजवायला लागला. जागच्या जागी बारीक पावलं टाकत, खोलीत गोल फिरत. फेरा संपला की थांबायचा, हनुवटी वर करायचा, बघायचा. काही थांबे लहान होते, काही मोठे. एक दमट दुपारचा असावा. एकदा तर तो इतका थांबला की रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी बसलेल्या माणसानं झालं समजून बटणाकडे हात नेला. रॉड्रिकनं तो हात धरला. आम्ही काचेपलीकडे श्वास रोखून उभे. मग ढोल पडला.

सगळं झाल्यावर रॉड्रिकनं लेमचा पावा आणि वॉर्डेलचा ढोल एकत्र लावले. दोघं बरोबर निघाले. पहिल्या थांब्याला ढोल थांबला आणि पावा पुढे गेला. मग त्यांची भेटच झाली नाही. एकाच रस्त्यानं दोन मिरवणुका चालल्यासारखं वाटत होतं, पुढची घाईत, मागची तिच्या नेहमीच्या चालीनं. पावा संपला. ढोल चालूच राहिला. गिटार नाही, यंत्र नाही, पावा नाही. ढोल चालतो आहे, थांबतो आहे, परत चालतो आहे, एकटा.

"हे शेवटी एवढं काय उरलंय?" बटणांवरच्या माणसानं विचारलं. "कापू?"

"नको," रॉड्रिक म्हणाला. "मी पाव्यातून काढलं होतं ते आहे."

त्यानं ते तसंच ठेवलं. रेकॉर्ड निघाली, बऱ्यापैकी गाजली. पुढच्या पिकनिकला रॉड्रिक कुठल्याशा शहरातलं वर्तमानपत्र घेऊन आला आणि माझ्या खड्ड्यापाशी उभा राहून त्यानं आम्हाला वाचून दाखवलं. गिटारीची स्तुती होती. पाव्याची तर फारच, आखीव आणि नेमका म्हणून. शेवटी लिहिलं होतं, ढोल वाजवणाऱ्या वृद्ध गृहस्थांचा मात्र ताल सुटलेला आहे, गाणं संपल्याचंही त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

रॉड्रिकचा चेहरा पडला. "मी त्यांना लिहून कळवतो, अंकल."

"काय कळवतोस? बरोबर लिहिलंय त्यानं," वॉर्डेल म्हणाला. "मला कुठे कळलं संपलं ते. मी मागे होतो." आणि माझ्याकडे सँडविच पुढे करून म्हणाला, "क्लीव, सॉसला काय हात आखडतोस, घाल की."

ऊन उतरलं तशी ओपल घरी निघाली. तिला पोचवायला वॉर्डेलही उठला. ती पुढे, हा मागे, आणि दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा. माझं कुत्रं त्या जागेत घुसायला धावलं. मी हाड दाखवून त्याला परत बोलावलं.